साठीनंतर लागलेली इतिहासाची गोडी: तुम्हाला कशी लागली?

निवांतवेळ

माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना साठीच्या आसपास इतिहासाचं वेड लागलेलं मी पाहिलं आहे. मलाही लागलं. 'आता वेळ मिळतो ना, म्हणून,' असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. वेळ मिळाला की माणूस बागकाम करेल, गाणं शिकेल, प्रवास करेल. इतिहासच का?

मला सापडलेलं उत्तर असं, की या वयापर्यंत आपण स्वतः पुष्कळ कागद केलेले असतात. वारसनोंदी, वाटण्या, कर्जाचे हप्ते, आजारपणाच्या फायली, कुणाच्या तरी जामिनाची सही. भावाभावांत एका भिंतीवरून काय होतं ते पाहिलेलं असतं. त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीचा कागद समोर आला की त्यातला माणूस परका वाटत नाही. विशीत हेच कागद मी कंटाळून बाजूला सारले असते.

मी मोडी शिकले ती निवृत्तीनंतर. त्याआधी चाळीत जुन्या ट्रंकेत पडलेली बाडं सगळेच 'जुने कागद' म्हणून ओळखत होते, वाचता कुणालाच येत नव्हते. पहिले काही आठवडे फार नेटाने बसावं लागतं. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची, हात न उचलता. शब्दाशब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही, अनुस्वार मनात आला तर. म्हणजे अक्षरं ओळखू आली तरी वाक्य कुठे तोडायचं ते तुम्हीच ठरवायचं. पण एकदा ठरावीक वाक्प्रयोग डोळ्यांत बसले की वाट सापडते. 'विनंती विज्ञापना ऐसीजे' आलं की मजकूर सुरू, 'बहुत काय लिहिणे' आलं की संपत आला. मधे जे उरतं ते माणसाचं.

मी पूर्ण वाचलेला पहिला कागद म्हणजे एक वाटणीपत्र. दोन भाऊ. जमिनीची वाटणी चार ओळींत उरकली आहे. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांना मात्र अख्खं अर्धं पान दिलं आहे: कुणी कोणत्या दिवशी, दिवसा की रात्री मोट धरायची, पाळी चुकली तर काय, मोटेचा नाडा तुटला तर कुणी घालायचा. शेवटी एक कलम आहे की आई ज्याच्याकडे राहील त्याने तिला दुसऱ्याकडे जाण्यास आडकाठी करू नये. मी त्या ओळीवर खूप वेळ थांबले. हे कलम कुणाच्या आग्रहावरून घातलं असेल? आईच्या? मी अनेक वर्षं हिशेबाच्या खात्यात काढली आहेत. कागदात जिथे शब्द जास्त खर्च झालेत तिथेच भांडण झालेलं असतं, हे मला तिथे कळलं होतं. ते ज्ञान इथे असं उपयोगी पडेल हे स्वप्नातही नव्हतं.

राजे, लढाया, तह हे सगळं मी आता वाचते आणि आवडीने वाचते. पण दार उघडलं ते त्या विहिरीच्या पाळ्यांनी.

तुमचं दार कोणतं? आणि ज्यांना उशिरा सुरुवात करायची आहे त्यांनी कुठून करावी असं तुम्हाला वाटतं?

---

खडूफळा

ताई, सुंदर लिहिलंत. मी इतिहास शिकवण्यात हयात घालवली, त्यामुळे 'उशिरा' हा शब्द मला लागू नाही. पण एका गोष्टीबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने थेट मूळ कागदांकडे जाऊ नये असं मला वाटतं. आधी एक सलग, विश्वासार्ह इतिहास वाचावा. शहाजी ते दुसरा बाजीराव हा पट डोक्यात नसेल तर हातातला कागद कुठे ठेवायचा तेच कळत नाही. सुटे मणी खूप, दोरा नाही.

आणि वयाचं म्हणाल तर 'रियासत' ही मराठी इतिहासमाला लिहिणारे रियासतकार गो. स. सरदेसाई आठवा. जन्म १८६५. बडोद्याच्या नोकरीतून १९२५ मध्ये निवृत्त झाले आणि त्यानंतर पेशवे दफ्तरातून, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या जुन्या कागदांतून, निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. इंग्रजीतला मराठ्यांचा तीन भागांतला इतिहास प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

---

तळटीप

सर, सरदेसाईंचं उदाहरण प्रेरणादायक आहेच, फक्त ते उशिरा वळलेल्यांचं नाही. रियासतीचा पहिला भाग १८९८ च्या सुमाराचा, म्हणजे तिशीतला. निवृत्तीनंतर त्यांना दफ्तर मिळालं, ओढ आधीचीच होती. उशिरा सुरुवात करणाऱ्याला त्यांच्याकडून घेण्यासारखं वेगळं आहे: साठीनंतर हजारो रुमाल सोडून, वाचून, निवडून, पुन्हा बांधण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं. (नवख्यांसाठी: रुमाल म्हणजे कागद ज्या कापडात बांधून ठेवतात तो गठ्ठा.) हे काम चिकाटीचं आहे, आणि चिकाटी वयाबरोबर वाढते असा माझा अनुभव आहे.

मूळ साधनं आधी की ग्रंथ आधी, यावर माझं मत निवांतवेळ यांच्या बाजूने झुकतं. मात्र एक अट. साधनासाधनांत फरक करायला पहिल्या दिवसापासून शिका. सभासद बखर घ्या. शिवाजी महाराजांचं निधन १६८० चं, बखर लिहिली गेली १६९७ मध्ये, तामिळनाडूतल्या जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. लिहिणारा त्या काळात वावरलेला माणूस आहे, म्हणून ती मोलाची. पण मधे सतरा वर्षं गेली आहेत आणि तो आठवणीतून लिहितो आहे. अनेक बखरी तर घटनेनंतर शंभर वर्षांनी लिहिलेल्या आहेत. त्यांच्या शेजारी एखादं त्याच आठवड्यात लिहिलेलं पत्र ठेवा. पत्र रुक्ष असेल, अपुरं असेल, पण पुढे काय होणार हे त्या लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. हा फरक ज्याला कळला त्याची निम्मी वाट सरली.

---

दगडफूल

माझं दार दगडाचं. डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलं, चालता चालता गावोगावच्या देवळांमागे उभे असलेले कोरीव दगड दिसायला लागले. लोक शेंदूर फासून त्यांना देव म्हणून पुजतात. ते वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे दगड असतात हे कळलं आणि माझं चालणंच बदललं.

वीरगळ खालून वर वाचायचा. सर्वांत खालच्या चौकटीत वीर लढताना किंवा पडलेला. गाई दिसल्या तर गोधन सोडवताना मेला असं समजायचं. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, शेंड्याला कलश, बाजूला चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेतोवर कीर्ती राहो, असा अर्थ. बोरिवलीच्या एकसरला जे वीरगळ आहेत त्यांवर चक्क नौकायुद्ध कोरलं आहे, वल्ही मारणाऱ्यांच्या रांगांसकट. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा वल्ह्यांच्या त्या तिरप्या रेघांवरून बोट फिरवावंसं वाटलं. फिरवलं नाही, लांबूनच पाहिलं.

बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. कोण मेला ते कायमचं गेलं. तरीही गावाने दगड आणला, घडवणाऱ्याला बसवलं, खर्च केला. एवढं तरी त्या दगडावरून नक्की सांगता येतं.

एक विनंती सर्वांना. शिलालेख किंवा शिल्प नीट दिसावं म्हणून त्यावर खडू, पीठ, तेल, रंग काहीही लावू नका. पाणीसुद्धा ओतू नका. संध्याकाळी जा आणि विजेरी दगडाला अगदी चिकटून, बाजूने धरा. तिरप्या उजेडात अक्षरांच्या खोबणीत सावली पडते आणि दुपारी सपाट वाटलेल्या दगडावर ओळीच्या ओळी उभ्या राहतात. तीन-चार बाजूंनी उजेड टाकून फोटो काढा, एका बाजूने न दिसलेला काना दुसऱ्या बाजूने दिसतो.

---

मुक्कामपोस्ट

धागा वाचनखुणांत साठवला. निवांतवेळ, तो आईच्या कलमाचा भाग वाचून गप्प झालो.

खडूफळा सरांशी मी सहमत नाही, आदराने सांगतो. मी सलग इतिहासाचे जाड खंड आणून ठेवले आणि प्रत्येक वेळी चाळिसाव्या पानावर नावांच्या गर्दीत अडकलो. मला धरून ठेवलं ते कार्ल्याच्या लेण्याने. तिथल्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, ज्यांनी दान दिलं त्यांची नावं प्राचीन ब्राह्मी लिपीत कोरली आहेत. वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीने (सावकार-व्यापाऱ्याने) हे शैलगृह जंबुद्वीपात, म्हणजे भारतवर्षात, उत्तम आहे असं लिहवून घेतलं आहे. ते ठीक, श्रीमंत माणूस. पण दाराच्या कामावर धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचं नाव आहे, सिंहदत्त नावाच्या गंधिकाचं (सुगंधी वस्तूंच्या व्यापाऱ्याचं) आहे, खांबांवर अनेक यवनांची (त्या काळी ग्रीकांना यवन म्हणत) आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचा सुतार नावानिशी माहीत असावा! माझे वडील सुतारकाम करत. त्यांनी घडवलेल्या दारांवर त्यांचं नाव कुठेच नाही. सामीचं नाव वाचल्यापासून सातवाहन कोण, क्षहरात कोण (ही त्या काळची राजघराणी), क्षहरात राजा नहपानाशी भांडण कशावरून, सगळं आपसूक वाचत गेलो. आधी माणूस भेटला, मग काळ समजून घ्यावासा वाटला.

ब्राह्मी वाचली गेली तीसुद्धा अशाच छोट्या दानलेखांमुळे. जेम्स प्रिन्सेप कोलकात्याच्या टांकसाळीत धातूंची पारख करणारा अधिकारी. सांचीच्या कठड्यावरचे बरेच लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात हे त्याने पाहिलं आणि ते 'दानं' असावं असा तर्क केला. तिथून १८३७ मध्ये लिपी उलगडली. नोकरी सांभाळून.

---

खडूफळा

मुक्कामपोस्ट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वर्गात चाळीस मुलांना एकाच वेळी न्यायचं असतं तेव्हा दोरा आधी लागतो. एकट्याने वाचणाऱ्याला मणी आधी चालत असावा. मत थोडं बदलतो: मणी हातात घ्या, पण महिन्याभरात दोरा शोधायला लागा. तो सामी सुतार कोणत्या व्यापारी वाटेवर राहत होता, घाटवाटा कुठे उतरत होत्या, बंदरं कोणती, हे कळल्याशिवाय त्याचं दान कुठल्या पैशातून आलं ते कळणार नाही. नाणेघाटाला जाऊन या. सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख तिथे आहे, यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण (त्या काळची नाणी) यांचे आकडे त्यात कोरले आहेत. मागच्या भिंतीवर राजपुरुषांच्या प्रतिमा होत्या. त्यांची नावं शिल्लक आहेत आणि खाली फक्त पावलं उरली आहेत.

---

शेवटचा_बाक

सगळे इतके अभ्यासू आहेत की लिहायला संकोच वाटतो, पण एक मनातलं विचारते. माझ्या घरी इतिहास म्हणजे वाद. जेवताना, लग्नकार्यात, फोनवरच्या गटांत, सगळीकडे आपला कोण नि त्यांचा कोण. म्हणून मी आयुष्यभर लांब राहिले. आता ओढ वाटते आहे, पण त्या वादांत ओढलं जायची भीतीही वाटते. तुम्ही लोक हे कसं सांभाळता?

---

निवांतवेळ

शेवटचा_बाक, संकोच मुळीच नको. तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

मला अभिमान वाटतो, आणि तो वाटण्यात काही वावगं नाही. पण कागद वाचायला लागल्यावर एक झालं. पूर्वी माझ्या डोक्यात 'आपले' म्हणजे एकसंध लोक होते. प्रत्यक्ष पत्रांत आपलेच लोक एकमेकांची तक्रार करताहेत, वसुली थकवताहेत, माफी मागताहेत, मुलाच्या मुंजीला रजा मागताहेत. आणि शत्रूच्या छावणीतला वकील आपल्या माणसाच्या आजारपणाची चौकशी करतो आहे. ते सगळं वाचल्यावर वाद घालायला जो ठाम आवाज लागतो तोच माझ्यापाशी उरला नाही. घरात आता कुणी काही ठामपणे सांगितलं की मी एवढंच विचारते, 'हे कोणत्या कागदात आहे?' भांडायला म्हणून विचारत नाही, मला तो कागद खरंच बघायचा असतो. दोनदा असं झालं की समोरच्याने शोधून आणला आणि आम्ही दोघांनी मिळून वाचला. एका दादांशी माझं अनेक वर्षं पटत नव्हतं, आता दर रविवारी कागद घेऊन बसतो.

---

तळटीप

+१. 'हे कोणत्या कागदात आहे' हे वाक्य राजवाड्यांच्या परंपरेतलं आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, पुढे २२ खंड झाले. गावोगाव पायी फिरून, माळ्यांवरची, कोनाड्यांतली दफ्तरं धुंडाळून गोळा केलेले कागद. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ त्यांनीच १९१० मध्ये स्थापन केलं. आजही तिथे मोडीचे वर्ग होतात, राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फेही होतात. वर्गांत पांढऱ्या केसांची माणसं भरपूर असतात. २०२३ नंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून तरुणही येऊ लागले, कारण तहसिलांतल्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या मोडीत आहेत आणि वाचणारे कमी पडले.

---

मुक्कामपोस्ट

डोळ्यांचं काय करता? मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, बारीक मोडी दिसेल का, ही शंका.

---

निवांतवेळ

कागदाचा फोटो मोठा करून पडद्यावर वाचा. मूळ कागदापेक्षा बरं दिसतं आणि कागदालाही हात लागत नाही. सुरुवात पेशवेकालीन वळणाने करा, ते रेखीव असतं. इंग्रजी अमदानीतलं टाकाने लिहिलेलं घाईचं मोडी शेवटी ठेवा. रोज थोडं वाचा, सलग तास बसू नका.

---

शेवटचा_बाक

निवांतवेळ ताई, तुमच्या उत्तराने धीर आला. काल माहेरची एक जुनी पिशवी उघडली. त्यातल्या एका पत्राचं देवनागरी लिप्यंतर काकांनी कधीतरी करून ठेवलं होतं. पत्र कुणीतरी उत्तरेकडे गेलेल्या मुलाची खबर विचारणारं आहे. तारखेच्या जागी 'माघ शुद्ध' एवढं आहे आणि पुढे 'सन इहिदे सितैन मया व अलफ'. हे नेमकं कोणतं साल? भाऊ म्हणतो की हे पानिपताचं पत्र आहे. खरं असेल का?

---

तळटीप

हे शुहूर सन आहे, आकडे अरबी शब्दांत लिहायची पद्धत. इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६१. शुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुमाराला सुरू होतं. जून ते डिसेंबरमधल्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेमधल्या तारखेला ६००. माघ त्या वर्षी फेब्रुवारीत येतो. म्हणून ११६१ अधिक ६००, इसवी सन १७६१. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, पौष शुद्ध ८, शके १६८२. तुमचं पत्र त्यानंतर महिन्या-सव्वामहिन्यातलं.

पत्रात कुठे संवत्सराचं नाव असेल तर ताडून पाहा. शक घ्यायचा, त्यात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक. १६८२ अधिक १२ म्हणजे १६९४, बाकी १४, चौदावा संवत्सर विक्रम. याच रीतीने राज्याभिषेकाचा शक १५९६ करून बघा, बाकी ४८ येते, आनंद संवत्सर. मेळ बसला की तारखेबद्दल निर्धास्त.

---

निवांतवेळ

अंगावर काटा आला. पण शेवटचा_बाक, भावाला अजून 'हो' म्हणू नका. पत्र पानिपतानंतरचं आहे एवढं नक्की झालं. मुलगा पानिपतावर होता हे त्यात लिहिलेलं नाही, उत्तरेत मराठ्यांची माणसं ठिकठिकाणी होती. काकांचं लिप्यंतर मूळ कागदाशी ताडून घ्या, 'इहिदे'च आहे ना ते खास करून. मग पत्राच्या मागची बाजू बघा. पत्र पोहोचल्याची तारीख, पैवस्ती, बहुधा तिथेच टाकलेली असते. आणि पिशवीतले पुढच्या दोन-तीन वर्षांचे कागद वेगळे काढा, हिशेबाचे विशेषतः. मुलगा परत आला असेल तर त्याचं नाव कुठेतरी येईलच, कुणाला काही दिल्याघेतल्याच्या नोंदीत. आला नसेल तर वाटणीच्या कागदात त्याच्या हिश्श्याचं काय झालं ते दिसेल. फोटो इथे टाका, सगळे मिळून वाचू.

---

शेवटचा_बाक

फोटो काढते आहे. मागच्या बाजूला कोपऱ्यात दोन ओळी आहेत, काकांनी त्या उतरवलेल्या नाहीत. दगडफूल यांनी सांगितल्याप्रमाणे तिरपा उजेड धरून बघते, शाई फारच फिकी झाली आहे.

---

दगडफूल

कागदाला शाईची खोबण नसते, तिथे तिरपा उजेड कामाचा नाही. खिडकीजवळ सावलीतल्या सरळ उजेडात फोटो काढा आणि नंतर फोटोतला काळेपणा वाढवून बघा. फ्लॅश नको. कागद दाबून सपाट करू नका, घडीवर तुटेल.